बंद पडलेला कॅमेरा जागा करताना

बुधवारचे साडेसात वाजलेत. चुलीवर काही असेल तर आच जरा कमी करा आणि जमलं तर वही-पेन घेऊन बसा, कारण आज थोडे आकडे सांगायचे आहेत. घाई करणार नाही, दोनदा सांगू.

विषय आहे दारावरच्या कॅमेऱ्याचा. तुमच्यापैकी कितीतरी जणींच्या गटानं आता कॅमेरे बसवलेत. कुणाच्या पापड केंद्रावर आहे, कुणाच्या दूध संकलनाच्या खोलीत, कुणाच्या किराणा दुकानात. बसवून देणारा येतो, भिंतीला भोकं पाडतो, मोबाईलवर चित्र दाखवतो आणि जातो. पुढं कधी बंद पडला की आपण त्याला फोन लावतो आणि तो सांगतो, "गेला ताई, नवीन घ्या." आम्हालाही हेच सांगितलं होतं. तो गेलेला कॅमेरा आज अभ्यासिकेच्या दारावर चालू आहे. तो परत कसा आला, मधे आम्ही काय काय चुका केल्या, ते आज सांगतो.

अभ्यासिका आमच्या गटाची. समाजमंदिराच्या मागची खोली आम्ही रंगवून घेतली, दोन ट्यूबलाईट आणि सहा टेबलं टाकली. दहावी-बारावीच्या मुली तिथं रात्री नऊपर्यंत बसतात. घरात एकच खोली, त्यात टीव्ही, पाहुणे आणि धाकट्या भावंडांचा गोंधळ. तिथं अभ्यास कसला होणार? पण मुलींना रात्री बाहेर पाठवायला घरचे तयार नव्हते. दारावर कॅमेरा लावला आणि रेकॉर्डिंगचा डबा आत कपाटात ठेवला, तेव्हा कुठं एकेक करून अकरा मुली यायला लागल्या. कॅमेऱ्यानं कुणाचं रक्षण होत नाही हे आम्हाला ठाऊक आहे. ते दाराशी वाती वळत बसणाऱ्या आमच्या काकूंनी होतं. पण घरात वडील-आजोबांपुढं विषय निघाला की "तिथं कॅमेरा आहे" एवढं एक वाक्य पोरीच्या कामी येतं.

तर सहामाही परीक्षा तोंडावर आलेली, शनिवारची संध्याकाळ. आमच्या हिशेब बघणाऱ्या ताईंनी संगणकावर कॅमेऱ्याचं पान उघडलं. तिथं नवीन फर्मवेअर आलंय असं दिसलं. अपडेट केलेलं चांगलं, हे आम्हीच याच कार्यक्रमात सांगितलेलं! ताईंनी बटण दाबलं. निळी पट्टी निम्म्याच्या पुढं सरकली असेल-नसेल, परतीच्या पावसानं गडगडाट केला आणि लाईट गेली. अर्ध्या तासानं आली. पंखे फिरले, ट्यूब लागल्या, कॅमेरा मात्र आला नाही. डब्याच्या पडद्यावर त्याच्या जागी काळी चौकट. सोमवारी दोन मुलींच्या आया सांगून गेल्या, "कॅमेरा चालू झाला की पाठवतो." मंगळवारी अकरातल्या पाचच मुली आल्या.

बसवून देणारे भाऊ येऊन गेले. त्यांनी दुसरा अॅडॅप्टर लावून पाहिला, रीसेटचं बटण दाबून धरलं आणि म्हणाले, बोर्ड गेला. नव्याचे साडेतीन हजार आणि बसवायचे पाचशे. गटाच्या वहीत तेवढी शिल्लक नव्हती. आमच्यातली एक आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकलेली आहे. तिचा प्रश्न साधा होता. धूर निघाला नाही, जळका वास आला नाही, आत पाणी गेलं नाही, मग बोर्ड जाईल कसा? लाईट गेली तेव्हा कॅमेरा आत काहीतरी लिहीत होता. अर्धवट लिहिलेलं वाचता येत नाही, म्हणून तो उठत नसेल.

इथं फर्मवेअर म्हणजे काय ते समजून घेऊ. आपला नेटवर्कचा कॅमेरा म्हणजे नुसतं भिंग नव्हे, एक छोटा संगणकच आहे. बहुतेकांच्या आत लिनक्स चालतं. हे सगळं एका नखाएवढ्या चिपमध्ये साठवलेलं असतं, तिला फ्लॅश म्हणतात. स्वस्त कॅमेऱ्यांत ती ८ किंवा १६ एमबीची असते, बऱ्यापैकी कॅमेऱ्यांत त्याहून मोठी. वाड्यात जशा एकामागं एक खोल्या असतात तसे त्या चिपमध्ये भाग पाडलेले असतात. मागच्या खोल्यांत लिनक्स, चित्र पाठवणारा प्रोग्राम, आपण भरलेले पासवर्ड आणि वेळ. आणि अगदी पुढच्या, लहानशा खोलीत बूटलोडर.

बूटलोडर म्हणजे घरातली सगळ्यांच्या आधी उठणारी बाई समजा. वीज आली की पहिली ती जागी होते, दिवा लावते, मग मागच्या खोलीत जाऊन बाकीच्यांना उठवते. बाकीचे उठले की तिचं काम संपलं, म्हणून तिचं नाव कुणाला माहीत नसतं. अनेक कॅमेऱ्यांत हे काम करणाऱ्या प्रोग्रामचं नाव यू-बूट असतं. वोल्फगांग डेंक नावाच्या जर्मन अभियंत्यानं तो पुढं आणला आणि जर्मनमध्ये त्याचा उच्चार पाणबुडीसारखा होतो, अशी ती गंमत आहे. तो कुणालाही फुकट वापरता येतो, म्हणून कॅमेऱ्यांपासून राउटरपर्यंत सगळीकडं शिरलाय.

आता मुद्द्याचं. अपडेट करताना मागच्या खोल्या रिकाम्या करून त्यांत नवं सामान भरतात. पुढच्या खोलीला सहसा हात लावत नाहीत. (काही अपडेटमध्ये लावतात, आणि नेमकी तेव्हा वीज गेली तर मात्र घरी काही करता येत नाही.) म्हणजे आमच्या कॅमेऱ्यात त्या शनिवारी मागचं सामान अर्धं आत, अर्धं बाहेर असं पडलेलं होतं, पण पहाटे उठणारी बाई धडधाकट होती. ती दर वेळी उठत होती, मागं जाऊन हाका मारत होती, कुणी उठेना म्हणून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करत होती.

हे आम्हाला कळलं काकूंमुळं. त्या म्हणाल्या, "मेला म्हणताय, पण तो मधूनमधून टक करतोय की." आम्ही घड्याळ लावून ऐकलं. खरंच, दर पाऊण मिनिटानं बारीक टक. दिवसा-रात्रीचं चित्र बदलायला कॅमेऱ्याच्या भिंगामागं एक छोटी काच सरकते, तिचा तो आवाज. कॅमेरा सुरू होताना ती एकदा हलतेच. म्हणजे तो दर पाऊण मिनिटानं नव्यानं सुरू होत होता.

तेव्हा मैत्रिणींनो, कॅमेरा बंद पडला की आधी त्याच्याजवळ जाऊन ऐका आणि अंधारात पाहा. काहीच आवाज नाही, अंग कोमट नाही, केबल ज्या स्विचमध्ये लावली आहे तिथला दिवाही लागत नाही, तर फर्मवेअरचा विचार बाजूला ठेवा. ते विजेचं किंवा केबलचं दुखणं आहे. बऱ्याच कॅमेऱ्यांना वीज त्याच नेटवर्कच्या केबलमधून जाते, त्याला पीओई म्हणतात. बाहेरच्या जोडावर पावसाचं पाणी बसून पितळी पिना हिरव्या पडल्या की कॅमेरा गेल्यासारखा वाटतो. कॅमेरा खाली काढा, घरात आणा, हातभर लांबीच्या चांगल्या केबलनं लावून पाहा. वेगळा अॅडॅप्टर असेल तर मीटर लावून १२ व्होल्ट येतात का बघा. दुसरा प्रकार म्हणजे स्विचवरचा दिवा पक्का आहे, रात्री कॅमेऱ्याच्या तोंडाशी लालसर दिवे दिसतात आणि ते टिकून राहतात, पण चित्र नाही. तिथं बहुधा पत्ता किंवा पासवर्ड बदललेला असतो. आणि तिसरा प्रकार आमचा. टक, दिवे लागले, विझले, स्विचचा दिवा गेला, पुन्हा आला, पुन्हा टक. हे चक्र दिसलं की समजायचं, बाई उठतेय पण घर उठत नाही.

रीसेटच्या बटणाबद्दल फार गैरसमज आहे. ते बटण दाबून आपण भरलेला पासवर्ड, पत्ता, वेळ पुसली जाते. अर्धवट लिहिलेला प्रोग्राम त्यानं पूर्ण होत नाही. भाऊंनी बटण दाबलं, कॅमेरा आला नाही आणि त्यांनी बोर्ड गेला असं ठरवलं. त्यांचा दोष नाही, दिवसाला दहा ठिकाणी जायचं असतं. पण बटणानं उठला नाही म्हणजे मेला, असं नसतं.

मग तो उठवायचा कसा? वीज आली की बूटलोडर मागच्या खोलीत जाण्याआधी काही सेकंद नेटवर्कवर एका ठरलेल्या पत्त्याला हाक मारते, "माझ्यासाठी फाईल आहे का?" ओ मिळाली तर फाईल घेते आणि मागच्या खोल्या नव्यानं भरते. ओ नाही मिळाली तर पुढं निघून जाते. सगळ्या कंपन्यांच्या कॅमेऱ्यांत ही सोय नसते, पण तारेवर चालणाऱ्या बऱ्याच कॅमेऱ्यांत असते. आपलं काम एवढंच, की त्या पत्त्यावर, योग्य फाईल हातात घेऊन, वीज देण्याच्या आधी जाऊन बसायचं.

फाईल देण्याघेण्याच्या या पद्धतीला टीएफटीपी म्हणतात. ती कशी चालते ते ऐकून तुम्हाला लहान मूल जेवताना आठवेल. एक घास भरवायचा, मूल 'गिळला' म्हणेपर्यंत थांबायचं, मग दुसरा. मूळ पद्धतीत एक घास ५१२ बाइटचा. आमची फाईल होती तीसेक एमबीची, म्हणजे साठ हजारांवर घास झाले. शेवटचा घास ५१२ पेक्षा लहान आला की जेवण संपलं. यात पासवर्ड नाही, ओळख विचारणं नाही, म्हणूनच ती इतक्या छोट्या बूटलोडरमध्ये मावते. या पद्धतीचे १९८१ आणि १९९२ सालचे नियम कॅरन सॉलिन्स या अमेरिकेतल्या एमआयटी संस्थेतल्या बाईंनी लिहून काढलेले आहेत. चाळीसहून जास्त वर्षं झाली, आमच्या अभ्यासिकेचा कॅमेरा त्यांच्याच नियमांनी जेवला.

आता वही उघडा. पत्ते कंपनीप्रमाणे बदलतात, हे वर मोठ्या अक्षरात लिहा. हिकव्हिजनच्या आणि त्याच घडणीच्या, वेगवेगळ्या नावांनी विकल्या जाणाऱ्या बऱ्याच कॅमेऱ्यांचं असं आहे: आपल्या लॅपटॉपला पत्ता द्यायचा १९२.०.०.१२८. पुन्हा सांगतो, एकशे ब्याण्णव टिंब शून्य टिंब शून्य टिंब एकशे अठ्ठावीस. खाली सबनेट मास्क विचारतो, तिथं २५५.२५५.२५५.०. कॅमेरा त्या वेळी स्वतःला १९२.०.०.६४ म्हणवतो, ते आपण कुठं भरायचं नाही. फाईलचं नाव डिजिकॅप टिंब डीएव्ही असंच हवं, सगळी अक्षरं लहान. फाईल देणारा टीएफटीपीचा छोटा प्रोग्राम असतो, तो आणि ही फाईल एकाच फोल्डरमध्ये ठेवायची. आमचा कॅमेरा याच घडणीचा निघाला. तुमचा दुसरा असेल तर हे आकडे चालायचे नाहीत, त्या कंपनीच्या मदत केंद्राला मॉडेल सांगून "टीएफटीपीनं रिकव्हरी होते का, पत्ता कोणता" एवढंच विचारा. असा नेमका प्रश्न विचारला की पलीकडचा माणूस जरा सावरून बसतो, हा आमचा अनुभव.

पहिल्यांदा आम्ही कॅमेरा सरळ लॅपटॉपला जोडला. प्रोग्राम सुरू केला, कॅमेऱ्याला वीज दिली. काही नाही. पाच वेळा केलं, काही नाही. मग आमच्या आयटीआयवालीच्या लक्षात आलं. कॅमेऱ्याची वीज काढली की लॅपटॉपच्या नेटवर्कची खिडकीच बंद होते, कारण समोर कुणी उरतच नाही. वीज दिली की ती उघडायला लॅपटॉप तीन-चार सेकंद घेतो, आणि तेवढ्यात कॅमेऱ्याची हाक होऊन जाते. यावर उपाय स्वस्त आहे. दोघांच्या मधे एक साधा नेटवर्क स्विच ठेवायचा, पाच भोकांचा छोटा डबा. मग कॅमेरा बंद असला तरी लॅपटॉपची खिडकी स्विचकडं उघडीच राहते. आमच्या कॅमेऱ्याला अॅडॅप्टरनंही वीज देता येते म्हणून साधा स्विच चालला. ज्याला फक्त केबलमधूनच वीज लागते, त्याला पीओईचा स्विच लागेल.

स्विच ठेवला, तरी दुसऱ्या खेपेला काही नाही. हा दोष आमचा. प्रोग्राम पहिल्यांदा उघडला तेव्हा विंडोजनं विचारलं होतं, याला नेटवर्कवर बोलू द्यायचं का? अनोळखी गोष्टीला 'नाही' म्हणायची सवय आपणच लावून घेतलेली, त्यामुळं आम्ही 'नाही' दाबलं होतं. फायरवॉल मधे उभी राहिली आणि कॅमेऱ्याची हाक आत आलीच नाही. तेवढ्या कामापुरती फायरवॉल बंद केली. लॅपटॉपचं वायफायही बंद केलं, नाहीतर लॅपटॉप दोन दारांमधे घोटाळतो. इंटरनेट तोडलेलं असताना फायरवॉल बंद ठेवायला हरकत नाही, फक्त काम झाल्यावर चालू करायला विसरू नका.

तिसऱ्या खेपेला प्रोग्रामच्या खिडकीत ओळ उमटली! कॅमेरा सापडला. आम्ही टाळ्या वाजवल्या आणि पुढची ओळ आली, फाईल सापडत नाही. फाईल तर समोर दिसत होती. नीट पाहिलं तेव्हा कळलं. ताईंनी ती दोनदा उतरवली होती, त्यामुळं संगणकानं दुसरीच्या नावापुढं कंसात १ लावला होता. कॅमेरा नावाचं अक्षर न् अक्षर बघतो, कंस बघून परत फिरला. याच जातीचा आणखी एक घोळ होतो. विंडोज नावाच्या शेवटचं डीएव्ही लपवून ठेवतं. आपल्याला वाटतं राहिलंय, म्हणून आपण पुन्हा लिहितो आणि ते दोनदा होतं. फाईलची नावं पूर्ण दाखवण्याची खूण सेटिंगमध्ये असते, ती आधी करून घ्या.

चौथ्यांदा जमलं. या वेळी लॅपटॉप, स्विच आणि कॅमेरा तिन्ही अभ्यासिकेच्या इन्व्हर्टरवर लावले होते, हे वेगळं सांगायला नको. खिडकीत ओळी अशा येतात: आधी कॅमेरा जोडला गेला, मग फाईल पाठवायला सुरुवात, मग फाईल पाठवून झाली. बऱ्याच जणी इथं फसतील. 'पाठवून झाली' म्हणजे काम झालं नव्हे. घास तोंडात गेलेत, पोटात जायचेत. कॅमेरा आता मागच्या खोल्यांत ते सगळं मांडतोय, आणि तेवढा वेळ खिडकीत काहीच हलत नाही. आम्हाला पाच मिनिटं लागली, ती अर्ध्या तासासारखी गेली. कुणी केबलला हात लावायचा नाही म्हणून काकूंनी चक्क टेबलापुढं खुर्ची टाकली. शेवटी 'सिस्टीम अपडेट पूर्ण' अशी ओळ येते. ती आली की आधी लॅपटॉपवरचा प्रोग्राम बंद करायचा, मग कॅमेरा सुरू होऊ द्यायचा. प्रोग्राम उघडा राहिला तर कॅमेरा पुन्हा हाक मारतो, पुन्हा ओ मिळते आणि तो तेच जेवण पुन्हा जेवायला बसतो.

वीज गेल्यामुळं बिघडलेला कॅमेरा असा परत येऊ शकतो. चुकीच्या फाईलनं बिघडलेल्याचं मात्र सांगता येत नाही, आणि घाबरलेला माणूस हीच चूक करतो. बाहेरून अगदी सारखे दिसणारे दोन कॅमेरे आतून वेगळ्या चिपचे असतात. मॉडेलच्या नंबरात एखाद्या अक्षराचा फरक असतो. आम्ही आधी मिळाली ती फाईल उतरवली होती. कॅमेऱ्याच्या बुडाखालचं लेबल मोबाईलनं फोटो काढून मोठं करून वाचलं, तेव्हा शेवटचं अक्षर वेगळं निघालं. सुदैवानं तोवर पाठवली नव्हती. शिवाय काही कॅमेरे चीनच्या बाजारासाठी बनलेले, पण इंग्रजी चढवून बाहेर स्वस्तात विकलेले असतात. त्यांच्यावर नेहमीची इंग्रजी फाईल घातली की ते भाषा जुळत नाही म्हणून अडतात किंवा असेच चक्रात फिरतात. खरेदीचं बिल नसलेला, फार स्वस्त कॅमेरा घेताना हा धोका धरून चाला. आणि फाईल कंपनीच्याच ठिकाणाहून घ्या, कुणी मोबाईलवर पाठवलेली नको.

वायफायचे छोटे कॅमेरे असतात, त्यांचं वेगळं. त्यांतल्या काहींमध्ये फाईल मेमरी कार्डावर ठेवायची, कार्ड कॅमेऱ्यात घालायचं, बटण दाबून धरून वीज द्यायची आणि दिव्याचा रंग बदलला की बटण सोडायचं. कार्ड बहुधा ३२ जीबी किंवा त्याहून लहान आणि फॅट३२ पद्धतीनं फॉरमॅट केलेलं लागतं, फाईलचं नाव ठरलेलं असतं. ज्यांची फाईल कंपनी देतच नाही, फक्त ॲपमधूनच अपडेट होतं, त्यांच्यापुढं आपला इलाज नाही, सर्व्हिस सेंटर गाठायचं. अगदी शेवटचा उपाय म्हणजे कॅमेरा उघडून बोर्डावरच्या तीन बिंदूंना तारा जोडून बूटलोडरशी थेट बोलणं. ते ३.३ व्होल्टचं नाजूक काम आहे आणि एकदा उघडलेलं रबर नीट बसलं नाही तर पुढच्या पावसात पाणी आत. वॉरंटी असेल तर मुळीच उघडू नका. वॉरंटीतला कॅमेरा आधी दुकानात न्या, हेही इथंच सांगून ठेवतो.

कॅमेरा उठला, पण तो कोरा उठतो. नवा पासवर्ड त्याला द्यावा लागला आणि तोच रेकॉर्डिंगच्या डब्यातही भरावा लागला, नाहीतर डबा त्याला ओळखत नाही. जुनं रेकॉर्डिंग डब्याच्या डिस्कवर होतं, त्याला काही झालं नाही. ज्यांच्या कॅमेऱ्यातच मेमरी कार्ड असतं त्यांनी हे सगळं करण्याआधी ते काढून ठेवा. आमच्या चित्रावर तारीख आली १ जानेवारी १९७०! संगणक वेळ त्या दिवसापासून मोजतात, आणि वेळ ठाऊक नसली की तिथंच जाऊन बसतात. हसू आलं, पण तारीख चुकलेलं चित्र पोलिसांपुढं ठेवलं तर त्याचा उपयोग काय? भारताची वेळ म्हणजे अधिक साडेपाच तास, ती निवडून तारीख नीट केली. लॅपटॉपचा पत्ताही पुन्हा आपोआपवर टाका. आम्ही विसरलो आणि दुसऱ्या दिवशी ताईंचं बँकेचं पान का उघडत नाही म्हणून निम्मी सकाळ गेली.

मग एका ताईंनी विचारलं, एवढं रामायण होतं तर अपडेट करायचंच कशाला? प्रश्न रास्त आहे. २०१६ साली मिराई नावाच्या प्रोग्रामनं जगभरातले कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले. कारखान्यातून आलेले साठेक पासवर्ड तो एकामागं एक लावून बघायचा. त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये त्या कॅमेऱ्यांच्या फौजेनं अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या मोठ्या सेवा काही तास अडवून धरल्या. २०२१ मध्ये हिकव्हिजनच्या अनेक कॅमेऱ्यांत पासवर्डशिवाय आत शिरता येईल असं भोक सापडलं, ते नव्या फर्मवेअरनंच बुजलं. आपल्या सरकारनंही २०२४ च्या एप्रिलमध्ये सीसीटीव्ही कॅमेऱ्यांसाठी सुरक्षेच्या अटी जाहीर केल्या, त्या २०२५ च्या एप्रिलपासून लागू झाल्या, त्यांत फर्मवेअरची तपासणी येते. मुलींच्या अभ्यासिकेच्या दारावरचा कॅमेरा तिसऱ्याच कुणाला दिसावा, याहून वाईट काय? म्हणून अपडेट करतोच. फक्त आता सकाळी करतो, आभाळ बघून, इन्व्हर्टरवर. आधी लेबलाचा आणि सगळ्या सेटिंगच्या पानांचा मोबाईलवर फोटो काढतो. आणि चालू असलेल्या फर्मवेअरची फाईल आधीच पेनड्राईव्हवर उतरवून कपाटात ठेवलेली असते.

खर्च किती आला ते विचाराल. स्विच आमच्याकडं पडलेला होता, दोन केबल आणि चहा. बुधवारी रात्री कॅमेरा दारावर परत चढला. गुरुवारी नऊ मुली आल्या, शुक्रवारी अकराही. त्यांतल्या एकीच्या आईनं विचारलं, ते चित्र आमच्या मोबाईलवर द्याल का? आम्ही नाही म्हणालो. कॅमेरा दाराकडं तोंड करून आहे, मुलींकडं नाही, आणि त्याचा पासवर्ड दोघींकडंच राहील. त्या जरा रुसल्या. पण मुलीला पाठवतात.

पुढच्या बुधवारी त्याच इन्व्हर्टरबद्दल बोलू, बॅटरीत पाणी कधी घालायचं आणि कोणतं घालायचं नाही. आज सांगितलेल्यातला एखादा आकडा निसटला असेल तर केंद्रावर या, भिंतीवर लिहून लावलाय.